दोन्ही तोंडांना नेफा

मी आयुष्यभर परकर शिवले. ब्लाउज थोडे, झबली थोडी, पण पोट भरलं ते परकरांवर. चौथीनंतर शाळा सुटली आणि मला चर्चच्या शिवणवर्गात बसवलं, तेव्हापासून पाय मशीनवर आहे. तिसगावात आणि आसपासच्या चार गावांत माझा परकर घातला नाही अशी माझ्या वयाची बाई सापडायची नाही. त्यामुळे गेल्या जूनमध्ये राहायला आलेल्या नातीने निळ्या कापडाचं एक गुंडाळं माझ्या मशीनवर आणून ठेवलं, तेव्हा मला त्यात अवघड असं काही वाटलं नाही.

"आजी, याला डासांची जाळी शिवून दे."

"हे हाय काय?"

"हॅमॉक. दोन झाडांना बांधायचा आणि आत झोपायचं."

"म्हंजे झोळी."

"झोळी लहान पोरांची असते."

"मग तू कोण मोठी लागून गेलीस?"

ती तेवीस वर्षांची आहे. झाडंझुडपं शिकलीय. अकोले तालुक्यातल्या डोंगरात पावसाळाभर फिरून झाडांची नोंद करायचं काम तिला मिळालं होतं. पहिलंच काम. त्यांच्या गटाला काही दिवस गावात राहायचं होतं आणि काही दिवस जंगलात. तिथे जमीन ओली आणि उताराची, तंबूला सपाट जागा सापडत नाही, म्हणून झोळ्या बांधून वर ताडपत्री ओढतात. ही झोळी तिने एका मैत्रिणीकडून घेतली होती आणि तिला बसेल अशी तयार जाळी कुठे मिळेना.

जाळी नसती तरी ती गेली असती. अडचण तिच्या आईची होती, म्हणजे माझ्या सुनेची. दोन वर्षांपूर्वी या पोरीला डेंगू झाला. रक्तातल्या पेशी कमी होत गेल्या. आठ दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले तीन दिवस डॉक्टर आम्हाला नीट उत्तर देत नव्हते. माझा मुलगा रक्ताच्या पिशवीसाठी पळत होता आणि जो भेटेल तो पपईच्या पानांचा रस पाजा म्हणून सांगत होता. पोरगी वाचली. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पुन्हा झाला तर जास्त अवघड जाऊ शकतं. सुनेने ते वाक्य तेव्हापासून धरून ठेवलं. तिने पोरीला सांगितलं होतं, "डास आत शिरणार नाही अशी जाळी मला दाखव आणि जा. नाहीतर कामावरच्या लोकांना फोन करून नाही म्हणून कळव." मुलगा "तुझी आई म्हणेल तसं" म्हणून मोकळा झाला होता. कामावर हजर व्हायला तेरा दिवस होते.

मी झोळी जमिनीवर अंथरली आणि माप घेतलं. पोरीने मोबाईलवर कुणा परदेशी माणसाचा व्हिडिओ लावला. तो माणूस जाळीची एक लांब पिशवी करून सगळी झोळीच तिच्यात घालत होता. मी म्हणाले, एवढं कापड कशाला वाया घालवायचं? मच्छरदाणी वरून असते. खाटेला आपण वरून बांधतो आणि कडा गादीखाली खोचतो. इथे कडा झोळीच्या काठाला शिवू, एका बाजूला शिरायला जागा ठेवू आणि तिला बंद लावू.

"पण आजी, यात तो सांगतोय..."

"पंधरा मच्छरदाण्या शिवल्यात मी. त्याने किती शिवल्यात इचार त्याला."

जाळी मशीनवर सरळ चालत नाही. खालचे दात तिला ओढून घेतात आणि गोळा करून टाकतात. त्यासाठी खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवायची, कागदासकट टीप मारायची आणि नंतर कागद फाडून काढायचा. पोरगी कागद काढत बसायची. चार दिवसांत जाळी झाली. दिसायला चांगली होती. कुठे चुणी नाही, कुठे झोल नाही.

रविवारी उपासना आटोपून सून आणि मुलगा त्यांच्या घरून, सावेडीहून, गाडीने आले. संध्याकाळी आम्ही झोळी अंगणातला कडुलिंब आणि पाण्याच्या टाकीचा लोखंडी खांब यांच्यामध्ये बांधली. माझ्या घरामागे उघडं गटार आहे. दिवेलागणीला तिथून डास उठतात ते कुणाला मोजून दाखवायची गरज नाही. अर्धा तास आत पडून बघायचं असं ठरलं. पोरगी चपला काढून पुढे झाली, तर सून म्हणाली, "तू नाही. तुला एकही चावून चालणार नाही."

मग मी झोपते म्हणाले. शिवली मीच होती.

"आजी, आधी बूड टेक, मग पाय घे," पोरगी सांगत होती. मी आधी पाय घातला, झोळी फिरली आणि शिरले त्याच बाजूने खाली आले. मुलगा हसला. दुसऱ्यांदा तिने सांगितलं तसं केलं. बंद बांधले गेले आणि मी वर लिंबाकडे बघत पडले. भिंतीपलीकडून शेजारणीने डोकं काढलं.

"काय गं म्हातारे, पाळण्यात? बारसं कुणाचं हाय?"

"माझंच. घुगऱ्या घिऊन ये."

दहा मिनिटांत पाठीला चावलं. मग मांडीला. मग पुन्हा पाठीला. मी जाळी बघितली, बंद बघितले. आत एकही डास नव्हता. तोंडावर नाही, हातावर नाही. तेव्हा मला कळलं. खाटेवर आपल्या खाली गादी असते. इथे माझ्याखाली ते निळं पातळ कापड होतं आणि माझ्या वजनाने ते अंगाला चिकटलं होतं. डास खालून येत होते आणि कापडातून सोंड घालून चावत होते. तो परदेशी माणूस अख्खी झोळी पिशवीत का घालत होता ते तिथे पडल्या पडल्या समजलं. अर्धा तास ठरला होता म्हणून अर्धा तास पडून राहिले.

उतरले तेव्हा पोरगी माझ्या समोर उभी होती. तिला काय पाहिजे होतं ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"चावले का?" सुनेने विचारलं.

"चावले. अकरा."

"झालं," सून म्हणाली आणि पर्स उचलली.

"कापडातून चावलेत. जाळीत न्हाई शिरले," मी म्हणाले. "चूक माझी हाय. दुरुस्त करते. पुढच्या रविवारी ये."

तिने पर्स खांद्याला लावली. मग म्हणाली, "येईन, आई. पण तोवर हिने सामान भरायचं नाही."

गाडी गेल्यावर पोरगी म्हणाली, "तुला गप्प बसता येत नव्हतं?"

"न्हाई."

"चावले नाहीत म्हणाली असतीस तर काय झालं असतं?"

"तिथं तुला चावले असते."

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भांडी मात्र घासत होती.

मी सगळी शिलाई उसवली. जाळी आता पुरणार नव्हती, म्हणून माझ्या खाटेची मच्छरदाणी उतरवली आणि कापली. मग बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की हा परकरच आहे. अकरा फूट लांब, मोठ्या घेराचा, फक्त नाडी ओवायचा नेफा एका तोंडाला असतो तो दोन्ही तोंडांना करायचा. झोळी आत ओवायची, दोन्हीकडच्या नाड्या ओढून दोरीभोवती आवळायच्या, वरचा भाग आधीसारखाच वर बांधायचा आणि खालचा भाग अंगापासून वीतभर लोंबता ठेवायचा, म्हणजे खालून चावायला डासाला अंग सापडणार नाही. शिरायला गादीच्या जुन्या खोळीची लांब चेन काढून बाजूला लावली. नेफ्याला मांजरपाटाचं कापड घेतलं, कारण जाळीच्या नेफ्यात नाडी अडकते आणि जाळी फाटते.

नाडी कितीही आवळली तरी दोरीभोवती चुण्यांमध्ये फट राहते. परकराला राहिली तरी बिघडत नाही. इथे बिघडतं. आणि दोरीवरून डासच येतात असं नाही. पोरीचा बाप पाच महिन्यांचा होता तेव्हा मी कांद्याच्या खुरपणीला जायची. बांधावरच्या बाभळीला लुगड्याची झोळी बांधून त्याला निजवायची. एकदा रडणं ऐकून गेले तर दोरीवरून मुंगळ्यांची रांग झोळीत उतरलेली होती. त्याचं अंग दोन दिवस सुजलेलं होतं. सासूने मला काय बोलायचं ते बोलून घेतलं. त्यानंतर मी दोरीला घासलेटचं फडकं बांधायची. आता घासलेट मिळत नाही. मी दोन्ही नेफ्यांच्या तोंडाला चार बोटं रुंद जाड कापडाचा पट्टा शिवला, तो दोरीवर गुंडाळून बांधायचा, आणि त्याच्यापुढे करंजाच्या तेलात भिजवलेलं फडकं. हे त्या व्हिडिओत नव्हतं. पोरीने ते वहीत लिहून घेतलं, तेव्हा पुन्हा बोलायला लागली.

दुसऱ्या रविवारी सून एकटीच आली. सोमवारी पोरीला हजर व्हायचं होतं. झोळी बांधली आणि मी चप्पल काढायला लागले.

"आई, थांबा. यावेळी मी झोपते."

"का? मी खोटं बोलंल वाटतं?"

"तुम्ही नाही बोलणार. पण मला बघायचंय."

तिने ओढणी काढून लिंबाला अडकवली, ड्रेसच्या बाह्या खांद्यापर्यंत वर केल्या आणि पहिल्याच फटक्यात नीट आत बसली. मी चेन ओढली, नाड्या आवळल्या, पट्टे बांधले. डास आले. जाळीवर बसायला लागले. सून पडल्या पडल्या एकेकाकडे बघत होती. बोट जाळीजवळ नेऊन परत घेत होती. पाव तास झाला.

"काय?" मी विचारलं.

"अजून नाही. पाठीलाही नाही."

पोरगी झोळीजवळच उभी होती. गुडघ्यापर्यंतची चड्डी घातलेली, एका पायाने दुसरा पाय खाजवत. तिचं सगळं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं.

"अगं, तुझ्या पोटरीवर बसलाय!" सून आतून ओरडली. "मार त्याला! तो बघ, दुसरा! अशी उघड्या पायांनी काय उभी राहिलीयेस?"

"तू आत आहेस, मग मी कुठे उभी राहू?" पोरगी म्हणाली.

सून उठून बसायला गेली आणि झोळी हलायला लागली. "आई, चेन उघडा. हिला आत घाला आधी."

मी चेन उघडली. ती घाईघाईने उतरली, पोरीला दंडाला धरून आत बसवलं आणि चेन स्वतः ओढली, शेवटपर्यंत. मग ती बाहेर उभी राहिली आणि तिच्या उघड्या दंडांवर डास बसायला लागले.

मी म्हणाले, "डेंगू तिला डोंगरात झाला न्हवता. सावेडीत झाला, तुझ्या घरात."

"माहीत आहे मला," सून म्हणाली. तिने बाह्या खाली ओढल्या. मग जाळीवर बसलेला एक डास टिचकीने उडवला.

"दिवसा काय करशील?" सुनेने विचारलं. "डेंगूचा डास दिवसा चावतो."

"पूर्ण बाह्या, मोजे, मलम. दुपारी टेकायचं असेल तर यातच टेकेन."

"ही चड्डी नेऊ नकोस."

"नाही नेत."

"रेंज असेल तिथून रोज फोन करायचा. आणि गाडी किती वाजता आहे सकाळी?"

पोरीने वेळ सांगितली. सून हो म्हणाली नाही. ती घरात गेली आणि आतून विचारायला लागली, पिशवी कुठली न्यायची, मोठी का लहान.

पोरगी उतरायला लागली, तशी मी तिला थांबवलं. नाड्या नायलॉनच्या होत्या आणि त्यांची टोकं जाळायची राहिली होती. न जाळता तशीच गेली असती तर चार दिवसांत उलगडली असती. मी काडेपेटी आणायला आत गेले.