कौतुकाचा खडखडाट

सकाळचे पावणेसात. नेझा एका हाताने खांद्यावरच्या लेकाला, टिनेला, थोपटत होती आणि दुसऱ्या हाताने कॉफी ढवळत होती. पाच महिन्यांच्या टिनेचे डोळे नुकते कुठे मिटायला लागले होते. पाच वर्षांची ब्रिना टेबलाखाली दुसरा मोजा शोधत होती, आणि नवरा ग्रेगोर शाळेत शिकवायला जायच्या घाईत अर्धा पाव तोंडात धरून बूट बांधत होता. तेवढ्यात दारावर थाप पडली. टिनेचे डोळे टक्क उघडले.

"व्हिंको काका," ग्रेगोर मान वर न करताच म्हणाला.

दुसरं कोण असणार? हालोझेच्या या टेकडीवर घरंच पाच, आणि त्यातलं सगळ्यात जवळचं व्हिंको काकांचं.

राजधानी ल्युब्लियानातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट सोडून नेझाचं कुटुंब वसंतात इथे आलं. तिथे सहा वर्षांत शेजारी दोनदाच बोलले होते, दोन्ही वेळा कचऱ्याच्या डब्यावरून. इथे ब्रिना अनवाणी पायांनी एकटी अंडी आणायला जायची आणि खिसाभर अक्रोड घेऊन परत यायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतून द्राक्षांच्या ओळी थेट दरीत उतरताना दिसायच्या. नेझाला खरंच सगळं आवडत होतं. पण मनात आलं की बोलून मोकळं व्हायची तिची सवय, आणि इथे तिचं एकही कौतुक वाया जात नव्हतं.

भोपळ्याच्या बियांच्या तेलाला तिने छान म्हटलं, दुसऱ्या दिवशी पाच लिटरचा कॅन दारात. काकांच्या बायकोच्या, मिमिका काकूंच्या कोंबडीला गोड म्हटलं, तर कोंबडीच आली. "तू आता कशालाच चांगलं म्हणू नकोस," ग्रेगोर हात जोडून म्हणाला होता.

पण ऑगस्टच्या शेवटी काकांच्या मळ्यात क्लोपोतेत्स उभा राहिला. उंच खांबावर लाकडी पाती, वारा आला की ती फिरतात आणि लाकडी हातोड्या फळीवर आपटून पाखरं पळवतात. सगळी टेकडी जमली होती, अकॉर्डियन वाजत होतं, हातात वाइनचे ग्लास होते. नेझा टाळ्या वाजवून म्हणून गेली, "काका, किती गोड आवाज! दिवसभर ऐकत बसावंसं वाटतं!"

तिसऱ्या दिवशी दुसरा क्लोपोतेत्स आला. खास तिच्यासाठी, काकांनी स्वतः घडवलेला. टिने झोपायचा त्या खिडकीपासून वीस पावलांवर. आता द्राक्षांचा हंगाम संपून अकरा नोव्हेंबरला उतरवतील तोवर खडखड, खडखड. वारा पडला की टिने झोपायचा, आणि दुपारी इथे वारा कधीच पडत नाही. तीन आठवड्यांत त्याला दिवसा धड झोप नव्हती. बाळाला झोप नाही म्हटल्यावर आईला कुठली? परवा तिने साखरेऐवजी मीठ घालून केक भाजला आणि ओट्यापाशी उभी राहून रडली.

तिने दार उघडलं. काका शिडी घेऊन उभे. काखेत नवीकोरी फळी.

"उठवलं नाही ना, पोरी?"

"नाही, नाही. जागेच होतो."

"मला वाटलंच! कालपासून तुझ्या क्लोपोतेत्सचा आवाज बसलाय. मिमिकाला म्हटलं, नेझाला चुकल्यासारखं होत असेल. ही बघ, चेरीची फळी. माझ्या आजोबांनी तोडून ठेवलेलं लाकूड आहे. ही बसवली ना, की खालच्या चर्चपर्यंत ऐकू जाईल!"

ग्रेगोरने पाव घशाखाली ढकलला आणि बायकोकडे पाहिलं. बोल, नाहीतर मेलो, असं ती नजर सांगत होती. स्वतः बोलायचं मात्र त्याच्या मनात नव्हतं. "मला उशीर होतोय," म्हणून तो दारातून अंग चोरून सटकला.

"काका, इतका त्रास कशाला..." नेझा म्हणाली.

"त्रास कसला? त्या मोठ्या रस्त्यापलीकडच्या लोकांना याचा आवाज कटकट वाटतो. शहरातून येतात, घर घेतात आणि तक्रारी करतात. तू तशी नाहीस. तू आमचीच आहेस!"

झालं!

टेबलाखालून ब्रिना बाहेर आली. "व्हिंको आजोबा, काल आई म्हणाली, या खडखड्याचं मी सरपण करीन."

काकांनी फळी हळूच भिंतीला टेकवली. टोपी काढली, परत घातली.

"सरपण?"

"काका, रागात बोलले मी..."

"चेरीचं सरपण करतात होय कुणी?" काका म्हणाले. मग टिनेच्या लालभडक डोळ्यांकडे बघितलं, मग नेझाच्या, आणि आवाज एकदम खाली आला. "अगं, मग पहिल्याच दिवशी सांगायचं की! तीन आठवडे गोड-गोड म्हणत बसलीस? काढून टाकतो. आत्ताच्या आत्ता काढतो." त्यांनी शिडी उचलली, पण पाय दाराबाहेर पडेना.

तो काढून टाकावा असं तिलाही वाटत नव्हतं. त्यांनी गुडघे दुखत असताना दोन दिवस बसून तासला होता. खडखड्यावरचा, ग्रेगोरवरचा, स्वतःच्या बोलघेवडेपणावरचा तिचा सगळा वैताग उफाळून आला. पण तिने टिनेला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि सरळ विचारलं,

"काढू नका, काका. फक्त दुपारी एक ते तीन, बाळ झोपतं तेवढा वेळ, त्याची पाती दोरीने बांधून ठेवाल का?"