कूलरच्या बटणाचा नवस

माझा साळा तेल्हाऱ्याचा. पोहायला शिकावं एवढं पाणी त्याने गावात कधी पाहिलं नाही, आणि नोकरी मिळाली ती थेट समुद्रात. तिथे तेल काढण्याच्या फलाटावर तो सुरक्षेचं काम पाहतो. एक महिना समुद्रात, एक महिना घरी. घरच्या महिन्यात चार दिवस आमच्याकडे अकोल्याला येतो, आणि काम तसंच पुढे चालू ठेवतो.

या मे महिन्यात आल्या आल्या त्याने विचारलं, आग लागली तर या घरातून बाहेर पडायचा रस्ता कोणता? आई म्हणाली, "ज्या दारानं आला त्याच दारानं."

मग त्याची नजर कूलरवर गेली. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे आणि बटण आत बैठकीत. टाकीतल्या पंपाची वायर जुनी, पाण्यात बोट घातलं की झिणझिण्या येत. आमच्याकडे हे पाहुण्यांनाही सांगून ठेवतात, "थोडासा येते करंट", एखादी पायरी मोडकी आहे म्हणून सांगावं तसं. वायर बदलायची होतीच, पण कूलरवाला मे महिन्यात सापडत नाही.

साळ्याने आम्हाला समोर बसवून एका फलाटाची गोष्ट सांगितली. तिथे एक पंप दुरुस्तीला काढला होता. पाळी बदलली, नव्या पाळीला ते कोणी सांगितलं नाही, त्यांनी पंप चालू केला. पुढे आग लागली आणि खूप माणसं परत आली नाहीत.

मी म्हणालो, आमचा पंप तळहाताएवढा आहे, आणि समुद्र म्हणशील तर तीन बादल्या.

"भाऊजी," तो म्हणाला, "टाकीत हात असलेल्याले बटन दिसत नाही, अन् बटनापाशी उभा हाय त्याले हात दिसत नाही. बस, येवढंच हाय."

त्याने नियम केला. कूलरला हात लावायचा तर आधी बटण बंद करायचं, त्यावर लाल चिंधी बांधायची, आणि ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. बटणाजवळच्या खिळ्याला चिंधी लटकली. बायकोने भावाला विचारलं, गॅसला कोणत्या रंगाची बांधू? आईने मात्र चिंधीला कुंकू लावलं. बांधेल त्याने सोडायचं म्हणजे तिच्या लेखी नवसच, त्यात समजावण्यासारखं काय होतं?

दोन दिवसांनी भर दुपारी लाइट गेली. पंपात गाळ अडकला होता, तो काढायला हीच वेळ बरी. लाइटच नाही तर चिंधी कशाला, असं मी म्हणणार होतो. पण साळा बघत होता, म्हणून बटण बंद करून तोरण बांधावं तशी मोठ्या थाटात चिंधी बांधली आणि त्याला म्हणालो, झाला तुमचा फलाट सुरक्षित, आता झोपा. तो खरंच आतल्या खोलीत जाऊन झोपला.

मी बाहेर कोपरापर्यंत हात टाकीत घालून बसलो होतो. मला कळलं नाही, पण तेवढ्यात लाइट आली. आई उन्हातून भाजी घेऊन आली. पंखा फिरतोय आणि कूलर बंद. उन्हातून आलेला माणूस आमच्या घरात चपलेआधी बटणाकडे जातो. तीही गेली.

थोड्या वेळाने ती घराला वळसा घालून, पदराने वारा घेत माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तूच बांधलं ना थे? मंग सोड तूच. मले उकडून राह्यलं."

लाइट कधी आली, मी विचारलं. झाला की बराच वेळ, ती म्हणाली.

मी हात बाहेर काढले. हिशेब सोपा होता. झोपलेला साळा सोडला तर घरात आम्ही तिघं, म्हणजे हात सहा. त्यातले दोन टाकीत असले तरी बटणापाशी पोचणारे चार मोकळेच राहतात. एवढं गणित मला साळ्याकडून शिकायची गरज नव्हती, पण मी ते कधी मांडलं नव्हतं.

साळा उठल्यावर भाषण देईल म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. त्याने उठून चहा मागितला. नवी वायर आणायला मी निघालो तेव्हा आईने पेढेही सांगितले. नवस होता, फेडायला नको?

बहुतेक पेढे साळ्यानेच खाल्ले.