हवालदारकाकांचं कन्यादान

हवालदारकाकांना हळू बोलताच येत नसे. लढाईत तोफेचा गोळा जवळ फुटला आणि एक कान गेला. तेव्हापासून ते घरात पाणी मागायचे तेसुद्धा अख्ख्या महाल वस्तीला ऐकू जायचं. माझ्या वडिलांचे हे धाकटे भाऊ. नरखेडकडची संत्र्याची बाग सोडून फौजेत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात थेट इटलीत पोचले.

इटलीचं विचारलं की मार्सेलची गोष्ट निघायची. मार्सेल कॅनडाचा शिपाई, पण फ्रेंच बोलणारा. त्याचं इंग्रजी काकांच्याइतकंच दिव्य. बर्फात दोघं एका खड्ड्यात अडकले. मार्सेलनं चिखलात बोटानं झाडं काढली, त्याच्या बापाची सफरचंदाची बाग. काकांनी शेजारी आपली संत्री काढली. मग त्यानं डबा फोडून अर्धं मांस काकांपुढे धरलं. "गाईचं हाय, मले समजलं होतं," काका सांगायचे. "पण पोटात आग पडली होती. खाल्लं. सकाळी गोळी लागून तो माह्या मांडीवर मेला. कोवळं पोरगं होतं वं!"

चौसष्टच्या उन्हाळ्यात काकांच्या एकुलत्या लेकीचं, शालूचं, साक्षगंध होतं, म्हणजे साखरपुडा. व्याह्यांनी सहज विचारलं, "लढाईत जेवायले काय भेटे हो?" झालं! काकांनी सगळी गोष्ट सांगितली. व्याही हातातला विडा ठेवून उठले. लग्न मोडत नाही म्हणाले, पण कन्यादान या बाटलेल्या हातांनी नको.

बाटलेले हात! यांच्या सात पिढ्यांत कुणी मरणाऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं का?

वडील काकांना म्हणाले, "मस्करी केली म्हणून सांगून दे न गा. काय जाते तुह्यं?"

"काहून सांगू, भाऊ? तो मेला म्हणून त्याच्या घासाले नाही म्हणू?"

"मग कन्यादानाले मी बसतो," वडील लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की आठवलं तरी आजही माझं डोकं फिरतं. सख्ख्या भावासाठी एका शब्दानंही भांडले नाहीत.

लग्नात शालूचा हात माझ्या वडिलांनी दिला. काकू आत चुलीपाशी डोळे पुसत होत्या. काका मांडवाच्या टोकाला पिंपातून वऱ्हाडाला पाणी देत उभे. त्या हातचं पाणी मात्र मेल्यांना चाललं!

पुढे माझ्या लग्नात मी भर मांडवात अडून बसले. "कन्यादान काका-काकूच करतील, नाहीतर मी बोहल्यावर चढत नाही." वडिलांचा चेहरा पांढराफटक पडला. मला बरं वाटलं. कळू दे म्हटलं एकदा!

काका पुढे आले. "नाही वं बाई. बाप जित्ता असून पोरीचा हात दुसऱ्यानं द्यावा, ते कसं लागते मले माहीत हाय. माह्या भावाले नको."

आणि त्यांनी वडिलांना हाताला धरून पाटावर बसवलं. वडील लहान मुलासारखे हुंदके देत होते. काकांनी त्यांना माफ केलं असेल. मी नाही केलं.