पाण्यात दिसलेला व पाळीवर नसलेला इसम

घटनेचे ठिकाण – कोराडी तलावाचा गावाकडील निमुळता फाटा, जिल्हा नागपूर.
वेळ – गेल्या कोजागिरीनंतरचा पहिला शनिवार, सकाळी पावणेसात ते सव्वासात.
साक्षीदार – १) माझी पत्नी सुनंदा. २) माझी मुलगी प्रणाली, जिने फोटो काढले. ३) खापा येथील कौसल्याबाई. यांच्या नावामागे ‘सौ.’ लिहावे की ‘श्रीमती’, हाच या प्रकरणातील मुख्य वाद असल्याने तूर्त काहीच लिहिलेले नाही.

हा तपशील आधी देण्याचे कारण असे की, या पानावर येणारे अनुभव मी नियमित वाचतो आणि त्यांत बहुधा ‘एका गावी’, ‘एका ओळखीच्यांना’ असे मोघम लिहिलेले असते. मोघम मजकुरावर कोणतीही कचेरी कार्यवाही करीत नाही. वाचकांनी तरी का करावी?

मी व्यवसायाने अर्जनवीस आहे. शिक्षण नववीपर्यंत. तहसील कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली माझे टेबल आहे व तिथे माझे अर्धे आयुष्य गेले आहे. माझ्या हातचा मजकूर त्रुटी काढून परत आला, असे फारसे घडलेले नाही... हे मी बढाई म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. भूत, चकवा, झपाटणे यांवर माझा विश्वास कधीच नव्हता. ज्या गोष्टीला कागद जोडता येत नाही, ती गोष्ट मी मानीत नसे.

प्रणाली रामदासपेठेतील एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरीस आहे. शनिवार-रविवार ती घरी असते. तिने यंदा कॅमेरा घेतला असून शरद ऋतूतील तलाव हा तिचा विषय आहे. पावसाळ्याचा गढूळपणा बसलेला असतो, काठावर कासाचे गवत फुललेले असते, वारा नसतो. अशा वेळी वीज केंद्राच्या चिमण्या पाण्यात इतक्या स्वच्छ उतरतात की खरी कोणती व पडछाया कोणती हे सांगणे कठीण जावे. त्या शनिवारी सकाळी मी तिच्यासोबत गेलो होतो. माझे काम थर्मासमधला चहा सांभाळणे एवढेच होते. समोरची पाळ, म्हणजे पलीकडचा काठ, पन्नास-साठ पावलांवर आहे. तिथे मला कास, बाभळी आणि चार बगळे यांखेरीज काहीही दिसले नाही. हे मी शपथेवर सांगू शकतो.

दुपारी घरी दिवाळीची साफसफाई सुरू होती. सुनंदाने फळीवरचे डबे खाली काढले होते व ती ते पुसत बसली होती. प्रणालीने कॅमेरा टीव्हीला जोडून फोटो लावले. एकंदर एक्केचाळीस फोटो होते.

“हा कोण उभा आहे वं?” सुनंदाने हातातले फडके न थांबवता विचारले.

“कुठं आई?”

“तो काय, पाण्यात. उलटा.”

प्रणालीने फोटो मोठा केला. समोरच्या पाळीची पडछाया पाण्यात पडली होती. कास, बाभूळ, आभाळ... आणि बाभळीशेजारी एक माणूस. वर पाळीवर बाभूळ होती, कास होता. माणूस नव्हता.

“आई, पाणी हाललं असन,” प्रणाली म्हणाली.

“पाणी हाललं तं त्याचा माणूस होते काय?”

मी मध्ये पडलो. खोड असेल, भिंगावर डाग असेल, असे दोन-तीन खुलासे मी दिले. सुनंदा म्हणाली, “तुमी टेबलावर बसल्यासारखे बोलून नका राहू जी. आधी पाहा तरी.” असा इसम एकूण चार फोटोंत होता, तेही लागोपाठच्या. प्रणालीने त्यांतला एक फोटो खालचा वर केला. त्याबरोबर तो इसम सरळ उभा राहिला.

वय साठीच्या आसपास. अंगात पांढरा सदरा, खांद्यावर चौकड्यांचा दुपट्टा, पायजमा घोट्याच्या वर, एकाच पायात चप्पल. उजव्या हातात कडीचा स्टीलचा डबा. चेहरा आमच्याकडे.

डबा पाहिला आणि मी उठून टीव्हीजवळ गेलो. त्या माणसाला मी जन्मात कधी पाहिलेले नव्हते. पण त्याचे वर्णन मीच लिहिले होते.

मी लिहिलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या मजकुराची एक प्रत घरी पत्र्याच्या पेटीत ठेवतो. पेटी साफसफाईसाठी अंगणातच काढलेली होती. मागील वर्षाच्या गठ्ठ्यातून मी ते प्रतिज्ञापत्र काढले. खाप्याच्या कौसल्याबाई, वय अठ्ठावन्न. पती श्रावणजी, हातमागाचे काम करीत. सात वर्षांहून अधिक काळापूर्वी एका सकाळी घरून निघाले ते परत आले नाहीत. कन्हान नदीच्या काठी एक चप्पल सापडली. खाली वर्णन – सदरा, दुपट्टा, पायजमा, पायात चप्पल... आणि ‘उजव्या हातात कडीचा स्टीलचा डबा’.

“बरोबर आहे सगळं,” सुनंदा म्हणाली. “मग तुमचा चेहरा काहून उतरला?”

तेव्हा मला सांगावे लागले. सदरा, दुपट्टा, पायजमा हे बाईंनी सांगितले होते. हातात काय होते, असे मी विचारले असता त्या गप्प राहिल्या होत्या. वर्णन अपुरे दिसू नये म्हणून डबा मी माझ्या मनाने लिहिला. माझ्या धंद्यात अशी भर सगळेच घालतात. कागद भरलेला दिसला की साहेब कमी प्रश्न विचारतात. दुसरी गोष्ट याहून वाईट होती. शेवटच्या परिच्छेदात मी ‘सबब माझे पती मृत समजण्यात यावेत’ असे लिहिले होते. ते मुलाच्या सांगण्यावरून. त्याला घर आपल्या नावावर करून घ्यायचे होते. बाई मात्र माझ्यासमोर बसल्या त्या पहिल्या मिनिटाला म्हणाल्या होत्या, “बाबू, मेले म्हणून लिवजा नको. गेले म्हणून लिवा.” त्यांना लिहिता-वाचता येत नाही. जेवणाची सुट्टी होत आली होती, मुलगा घाई करीत होता. मी मजकूर वाचून न दाखवता त्यांचा अंगठा घेतला, आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिले – ‘वाचून दाखविले, कबूल आहे.’

त्या कागदाच्या आधारे मुलाने कोर्टात अर्ज दाखल केला असून निकाल अद्याप व्हायचा होता.

सुनंदाने हातातले फडके डब्यावर ठेवले. मग म्हणाली, “उद्या सुट्टीच आहे तुमाले. जा खाप्याले.”

“फोटो दाखवला तर ती बाई उगाच आशा धरून बसेल,” मी म्हणालो.

“तुमाले तिच्या आशेची काळजी आहे, का आपल्या अक्षराची?”

मी प्रतिज्ञापत्राची घडी करून खिशात ठेवली.

रविवारी सकाळी आधी मी आणि प्रणाली पुन्हा तलावावर गेलो. त्याच जागी, त्याच वेळी. तिने वीसेक फोटो काढले. कास, बाभूळ, चिमण्या, बस्स. एक ढीवर नाव काठाला लावून जाळे सोडवीत होता. त्याला विचारले, काल सकाळी समोर कोणी होते काय.

“तिकडं कोण जाते जी? मांडीभर गाळ हाये त्या बाभळीखाली. ढोरं बी जात नाही. काल तं तुमीच होते, बापलेकी. चाय पिऊन राहिले होते.”

तिथूनच मी गाडीने खाप्याला गेलो. मुलगा कामावर गेला होता. कौसल्याबाई ओसरीत भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला त्यांनी लगेच ओळखले.

“या बाबू. कागदाचं काही झालं काय?”

मी फोन पुढे केला. प्रणालीने सरळ केलेला फोटो त्यात होता. बाईंनी हात पदराला पुसले, फोन लांब धरला, मग जवळ. मी मनात ठरवले होते की त्या ‘हे ते नव्हेत’ म्हणाल्या तर तिथेच विषय संपवायचा.

“डबा हाये हाती,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“मी डब्याचं कोणाले सांगतलं नाही, बाबू. पोरालेही नाही, पोलिसालेही नाही.” त्या फोनकडेच पाहत होत्या. “त्या दिवशी दूध नासलं होतं. मी तणतणली. म्हणलं, जा, दूध घेऊन या, नाहीतर येऊच नका. डबा मीच देल्ला हाती. सांगतलं असतं तं लोक म्हणले असते, बायकोनंच हाकलला... तुमी इचारलं तवा म्हणूनच चूप राहिली मी.”

मी खिशातून कागद काढला. डबा यात लिहिलेला आहे, असे मी त्यांना सांगितले.

“तुमाले कोणं सांगतलं?”

“कोणीच नाही, मावशी. मीच मनाने लिहिला.”

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला मान खाली घालावी लागली. “मंग वाचा,” त्या म्हणाल्या. “काय काय लिवलं मनानं, सारं वाचा.”

इतकी वर्षे मी लोकांचे मजकूर वाचून दाखवतो आहे. आवाज खणखणीत आहे, असे साहेब लोकही म्हणतात. शेवटचा परिच्छेद मात्र मी बोट ठेवून, एकेक शब्द करीत वाचला.

“हे मी म्हणली?”

“नाही.”

“अन् आंगठा?”

“तुमचाच आहे.”

त्यांनी शेंगांचे सूप बाजूला सारले. “लय शिकलेले आहा तुमी,” त्या म्हणाल्या. “एवढं मोठं लिवलं अन् घरच्या बाईले इचारलं नाही, का तुह्या माणसाले मारू का नको.”

मी क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली की नाही, सांगता येत नाही. मूळ फोटो दाखवा म्हणाल्या, तो मी लावून दिला. त्यांनी पाण्यातल्या माणसावर बोट ठेवले आणि ते हळूहळू वर नेले. फोटोही बोटाबरोबर सरकला व त्या दचकल्या. मी तो परत जागेवर आणून दिला. मग त्यांनी स्क्रीनला न टेकवता बोट वर नेले, पाळीपर्यंत.

“इथं काहून नाही दिसत?”

“तेच कळत नाही, मावशी.”

“पाण्यात हायेत म्हणजे वरतं उभे असतीनच न. वरतं कोणी नसलं तं पाण्यात कशाची पडन?”

मी तहसीलदारांच्या, वकिलांच्या, एकदा तर न्यायाधीशांच्याही प्रश्नांना उत्तरे दिली आहेत. हा प्रश्न मात्र मी प्रतिज्ञापत्राच्या पाठीमागे जसाच्या तसा लिहून घेतला.

त्यानंतर घडले ते थोडक्यात. सोमवारी मी स्वतःच्या सहीने एक निवेदन तयार करून कोर्टातील त्या प्रकरणात देण्यासाठी वकिलाकडे सोपविले. पूर्वीच्या प्रतिज्ञापत्रातील शेवटचा परिच्छेद बाईंचा नाही, तो त्यांना वाचून दाखविला नव्हता व तसा शेरा मी खोटा लिहिला, असे त्यात नमूद आहे. बाईंचा मुलगा माझ्या टेबलाशी येऊन, “तुमी काहून घोळ करून राहिले, आई तशीही वेडीच हाये,” असे चार लोकांत बोलून गेला. माझ्या कामावर याचा काय परिणाम व्हायचा तो होईल. एका जाणत्या फोटोग्राफरला ते चार फोटो दाखवले. त्यात फेरफार नाही, असे तो म्हणतो. मग तो इसम कोण, असे विचारल्यावर त्याने फोटो परत दिले आणि चहा मागवला.

मी पुष्कळ विचार केला. मी मनाने लिहिलेला डबा त्यांच्या हातात खरोखर कसा होता? आणि जो होता, तो मला कोणी सांगितला? श्रावणजी कन्हानच्या काठावरून नाहीसे झाले, मग ते या तलावात, माझ्याच मुलीच्या कॅमेऱ्यासमोर, याच वर्षी का? यांपैकी एकाही मुद्द्याचा खुलासा मला करता येत नाही.

सबब वाचकांस नम्र विनंती की, कोजागिरीनंतरच्या त्या शनिवारी सकाळी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान कोराडी तलावाच्या गावाकडील फाट्यावर आपणांपैकी कोणी फोटो काढले असल्यास ते कृपया मोठे करून, बाभळीच्या आसपास नीट तपासावेत व या पानाच्या पत्त्यावर लेखी कळवावे. वर्णन वर दिले आहे. कौसल्याबाईंच्या सांगण्यावरून आणखी एक ओळ लिहीत असून ती त्यांना वाचून दाखविलेली आहे – पाण्यातला फोटो आमच्याकडे आहे, तो पाठवू नये. पाळीवर उभे असलेले कोणाला दिसले असतील, तर तेवढे मात्र लवकर कळवावे.