लिंडेल्वाचा खोसा प्रबंध

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या विद्यापीठाने भिंतीभिंतीवर लावलं होतं: 'तुमच्या भाषेत लिहा.' लिंडेल्वाने ते खरं मानलं, हीच तिची चूक. ग्रंथालयाच्या दारात चार वर्षं फक्त काळ्या पोरांची ओळखपत्रं दोनदा तपासली जात होती, तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

झऱ्याचं पाणी भरणं थांबवून त्याला कधी विसावा द्यायचा हे तिच्या गावच्या म्हाताऱ्या कसं ओळखतात, यावर तिने खोसात, म्हणजे घरच्या भाषेत, प्रबंध लिहिला. म्हाताऱ्यांची अटच होती. "सांगू, पण लिहिलंस ते वाचून दाखवायचं. आमच्या तोंडी भलतंसलतं घातलंस तर केरसुणीने झोडपू." तीन दुपारी तिने वाचलं. सात ठिकाणी त्यांनी तिला पकडलं, मगच माना डोलावल्या.

मुदतीला चार दिवस उरले आणि प्रोफेसर क्लोएतेबाईंनी बोलावलं. बाई गोऱ्या, बोलायला गोड.

"परीक्षक मिळत नाही गं. खोसा वाचणारे आहेत, पण त्यांना आमची मान्यता नाही. तू इंग्रजी करून दे. तुझं इंग्रजी किती छान आहे!"

"पहिल्या वर्षापासून ऐकतेय बाई. तुमचंही छान आहे."

बाई लाल झाल्या. "मी तुझ्याच बाजूची आहे. वसाहतवाद हटवायच्या समितीवर तुझं नाव सुचवलंय. एक फोटो लागेल."

"म्हणजे फोटो चालतो, प्रबंध चालत नाही?"

"लिंडेल्वा, पदवी अडेल."

पदवी अडली की कबूल झालेली शाळेतली नोकरी गेली, हे तिला बाईंपेक्षा जास्त कळत होतं. खोलीवर जाऊन तिने एक पान इंग्रजी करून पाहिलं. गुळगुळीत उतरलं. पण म्हाताऱ्यांचा झरा रुसायचा. इथे इंग्रजीत नुसतं पाणी कमी झालं, आणि पकडायला समोर एकही म्हातारी नव्हती. तिने पान फाडलं.

शुक्रवारी तिने खोसा प्रत प्रबंध जमा करायच्या खिडकीत आदळली. आत मारादेबे, वीस वर्षं शिक्के मारणारी. अर्जावर भाषेचे तीन चौकोन: इंग्रजी, आफ्रिकान्स, इतर.

"या गावात घरोघरी बोलतात, ती 'इतर'?"

"माझ्यावर कशाला खेकसतेस, पोरी? मी छापलंय का?" मारादेबेने पान उलटलं, आणखी एक उलटलं, खुदकन हसली. "अगं, ही म्हातारी माझ्या आत्यासारखीच बोलते!"

"बायांनो, लग्न जमवताय काय?" रांगेतून कुणी ओरडलं.

"पास करतील?" लिंडेल्वाने हळूच विचारलं.

मारादेबेचं हसू मावळलं. "आधी वाचायला तर हवं ना कुणी." तिने 'इतर'वर खूण केली आणि शिक्का मारला.

बाहेर आईचा फोन आला. "दिलास?"

"दिला."

"इंग्रजीत ना?"

"आपल्या भाषेत."

"मग शाळेतली नोकरी?" आईने विचारलं.