घासून आणलेले पाय

पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी आमच्या चर्चच्या मंडळीत जे पाय धुतले जातात, त्यांच्याइतके स्वच्छ पाय त्या दिवशी भंडाऱ्यात दुसरे सापडायचे नाहीत. बुधवारीच ते घरोघरी घासले जातात. नखं काढायची, टाचा दगडानं घासायच्या, रात्री खोबरेल तेल, गुरुवारी दुपारी पुन्हा साबण आणि वर नवे मोजे. संध्याकाळी बारा जण वेदीसमोर खुर्च्यांवर बसतात, मोजे काढतात आणि मंडळीतला एक वडील, म्हणजे एल्डर, गुडघे टेकून त्यांचे पाय धुतो. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. प्रभूपुढे आलेले पाय दिवसभर धुळीत चालून आले होते, एवढाच काय तो फरक.

धुणारा कोण, हे ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतानाच ठरतं आणि ते ठरताना जे चालतं ते नगरपालिकेच्या निवडणुकीतही चालत नसेल. आपलं नाव निघालं की मान खाली घालून म्हणायचं, "मी कसला योग्य, दुसऱ्या कोणाला द्या." असं दोनदा म्हणायचं असतं. तिसऱ्यांदा म्हटलं तर लोक खरं धरतात. आमच्यातला एक जण तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्याचा मान गेला. तेव्हापासून तो मागच्या बाकावर बसतो आणि दान-थैली पुढे आली की खिडकीबाहेर बघतो. मी दोनदाच म्हटलं. मी सरकारी कचेरीत नोकरी करतो, साहेबापुढे वाकायला वर्षभर मिळतं. पण त्या वाकण्याचे कुणी फोटो काढत नाही.

हा मान माझ्याआधी कित्येक वर्षं बाबांकडे होता. चर्चचे पाळक बदलून जात, नवे येत, गुरुवारी कमरेला टॉवेल बांधणारे बाबाच. पाय घासून आणायचा नियमही त्यांचाच. एका वर्षी कोंढ्याचे एक म्हातारे शेतकरी एसटीनं उशिरा पोचले आणि तसेच खुर्चीवर बसले. धानाच्या बांधीत आयुष्यभर चिखल तुडवलेले पाय, भेगांत काळी माती. बाबांनी ते धुतले. घंगाळातलं पाणी गढूळ झालं आणि शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त साहेबांनी आपला पाय हळूच मागे घेतला. उपासना थांबली. पाणी बदलायला माणूस विहिरीकडे पळाला. पुढच्या वर्षीपासून बाबांनी सगळ्यांना सांगून टाकलं, पाय घरूनच घासून या. कोंढ्याचे म्हातारे पुन्हा त्या खुर्चीवर बसले नाहीत. त्यांना कुणी बोलावलंही नाही.

मग बाबांना लकवा झाला. डावं अंग गेलं. पलंगावर पडून डाव्या टाचेला जखम झाली आणि ती भरता भरेना. तिला वास होता. ड्रेसिंग माझी बायको करायची. अंग पुसणं, कूस बदलणं, भांडं देणं, सगळं तीच करायची. मी दवाखान्यातून औषधं आणायचो. रविवारी उपासनेनंतर मंडळीतल्या चार जणांबरोबर सरकारी दवाखान्यात जाऊन रुग्णांना केळी वाटायचो. एका म्हातारीनं माझा हात धरला, तर फोटो काढून होईपर्यंत मी तो सोडवून घेतला नाही. घरी बाबांच्या खोलीत मी दारातूनच विचारायचो, "काही पाहिजे का?" उंबरा ओलांडला की वास यायचा.

आमच्या घरात बापानं लेकाला हात लावायचा तो मारायला, आणि लेकानं बापाला लावायचा तो लग्नात, पाया पडताना. त्यामुळे त्या उपासकाळात बाबा जे बोलले, ते त्यांना किती जड गेलं असेल, हे मला तेव्हाच कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ते खोटं आहे.

"या साली तूच धुशीन ना पाय?" त्यांनी विचारलं.

"हो. मंडळीनं ठरवलं."

"दोनदा नाही म्हणला का?"

"दोनदा."

ते उजव्या बाजूनं हसले. डावी बाजू हसत नव्हती. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मले बसव एका खुर्चीवर."

"तुमच्यानं बसवेल का बाबा तासभर?"

"बांधून बसव. इतके साल मी लोकायचे धुतले, माहे कोनी धुतले नाही."

"टाच बरी होऊ द्या. पुढच्या साली बघू."

"टाचेचंच म्हणतो मी. बाकीचा पाय तं सूनबाई धुवूनच राहिली रोज." मग म्हणाले, "तुह्या हातानं होते का, पाहू."

घरीच टाच धू म्हणून सरळ मागितलं असतं, तर मी पळालो असतो. चर्चमध्ये, चारचौघांसमोर, माझी पळायची सोय नव्हती. म्हातारा हुशार होता.

बारा नावं ठरवायला आम्ही पाळकसाहेबांच्या घरी बसलो. मी विषय काढला, म्हणजे असा काढला की तो पडावाच. म्हणालो, "बाबांची फार इच्छा आहे, पण त्यांना त्रास होईल." माझ्या त्या 'पण'ला सगळे हात लागले. एक वडील म्हणाले, खुर्चीवरून पडले तर आपल्यालाच लोक नावं ठेवतील. दुसरे म्हणाले, त्यांची सेवा आपण घरी जाऊन करू की, तीच खरी सेवा. त्यांतला एकही घरी आला नाही. पाळकसाहेब म्हणाले, "पाय घासून आणायचा नियम त्यांनीच घालून दिला ना? उद्या कुणी म्हणेल, यांच्यासाठी मोडला." मग त्यांनी डोळे मिटून सांगितलं की गुरुवारी बाबांसाठी खास प्रार्थना होईल. आमच्यात ज्याला काही द्यायचं नसतं, त्याला प्रार्थना देतात.

बाराव्या खुर्चीवर निवृत्त साहेबांच्या जावयाचं नाव लागलं. त्याचे पाय चांगले आहेत.

हे बाबांना सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मी सांगितलं नाही. बायकोला म्हटलं, तू सांग. ती म्हणाली, "माह्यानं नाही होत. ते तुमच्याशी बोलले, तुम्हीच सांगा." मी उद्यावर ढकलत गेलो आणि गुरुवार आला. दुपारी मी कचेरीतून लवकर आलो, तर बाबा खोलीत खुर्चीवर बसलेले. अंगात पांढरा शर्ट, केसांना तेल, कमरेला बायकोची जुनी साडी गुंडाळून खुर्चीला बांधलेले. टाचेवर नवी पट्टी. दाढीही करून घेतली होती त्यांनी. बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत राहिली.

मी आंघोळ केली, कपडे घातले आणि मागच्या दारानं निघालो. गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत चालू न करता ढकलत नेली. नम्रतेचं दर्शन घडवायला जाणारा माणूस आपल्या बापाला इंजिनाचा आवाज ऐकू जाऊ नये म्हणून स्कूटर ढकलत होता.

उपासना सुरेख झाली. लोकांचं तेच म्हणणं पडलं. पाळकसाहेबांनी वाचन केलं, मी टॉवेल बांधला, घंगाळात गुलाबाच्या पाकळ्या होत्या. एकेक पाय हातात येत होता, गुळगुळीत, साबणाचा वास येणारा. जावईबापूंच्या पायाला तर पावडर लावलेली, पाण्यात तिचा तवंग आला. पाय हातात घेतले की बसलेला माणूस अवघडून वर छताकडे बघतो आणि धुणारा खाली बघतो; कुणीच कुणाकडे बघत नाही. बाहेर पडताना बायकांचे डोळे पाणावलेले होते. एक जण माझा हात धरून म्हणाला, "सलाम, साहेब. तुमच्यात तुमचे बाबा दिसले आज." मी म्हणालो, "सगळी प्रभूची कृपा." हे वाक्य तोंडात तयार असतं, जीभ आपोआप वळते.

घरी आलो तर बाबा खुर्चीवरच होते. पलंगावर जायला त्यांनी नकार दिला होता. मान एका बाजूला कलंडली होती, लाळेनं शर्टाची कॉलर ओली झाली होती. बायको शेजारी स्टुलावर बसलेली.

"झाले धुवून?" बाबांनी विचारलं.

"झाले."

"पानी गढूळ झालं का?"

"नाही."

"मंग काय धुतलं गा तुम्ही?"

मी आत गेलो. प्लास्टिकच्या टबात कोमट पाणी घेतलं, फडकं घेतलं आणि त्यांच्यासमोर खाली बसलो. आता वाटतं, तेव्हाही मी दृश्य म्हणूनच बसलो असेन. बाबांनी उजवा पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

"इथं कोन पाहून राहिलं तुले?" ते म्हणाले. "राहू दे."

डावा पाय मात्र तिथंच राहिला. त्याला मागे जाता येत नव्हतं. मी तोच धरला. हाडं हाताला लागली, कातडी थंड आणि कोरडी. इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं की बाबांच्या पायाचा अंगठा माझ्यासारखाच बाहेर वळलेला आहे. मी पट्टी सोडली. वास आला. मी तोंडानं श्वास घेत बोटं धुतली, तळवा धुतला, घोटा धुतला आणि फडकं पिळलं.

त्या पायाला काही कळत नव्हतं, म्हणून बाबांनी बायकोला विचारलं, "धुतला का सूनबाई यानं? पाहून सांग बरं."

ती वाकली. बघितलं. "टाच राहिली, मामंजी," म्हणाली.

मला वाटलं ती फडकं घेईल. रोज घ्यायची, कधी न बोलता माझ्या हातातून काम काढून घ्यायची. त्या दिवशी तिनं हात मांडीवरच ठेवले. बाबा भिंतीकडे बघत होते.

पाणी थंड झालं म्हणून मी उठलो. थंड झालं नव्हतं. गॅसवर पातेलं ठेवून मी स्वयंपाकघरात उभा राहिलो, आणि लागायला पाहिजे त्यापेक्षा कितीतरी वेळ उभा राहिलो. पाणी उकळायला लागलं, त्याचा आवाज बाहेर गेला असावा.

"इतकं गरम कायले करतो?" बाबा बाहेरून म्हणाले. "त्या पायाले समजत नाही, भाजून टाकशीन. हातानं पाहून घे पहिले."

मी गार पाणी घातलं, कोपर बुडवून पाहिलं, पुन्हा घातलं. टब घेऊन आलो. खाली बसलो आणि टाच तळहातावर घेतली. जखम माझ्या अंदाजापेक्षा लहान होती.