दादाचा फोन आला, तेव्हा दादाला आवाजच नव्हता

सुरुवातीलाच सांगून टाकते – मी अकोल्यातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवते. भूत, संकेत, सगळं झूट असतं, हे वर्गात इतक्यांदा म्हणून झालंय की मुली माझी नक्कल करतात. या सदरातले अनुभव मी हसत हसतच वाचायचे. आणि आज स्वतःच लिहायला बसले आहे... भीतीनं नाही हो, आनंदानं!

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षीचा हिवाळा. माझा मोठा भाऊ राजूदादा परतवाड्याच्या बाजारात संत्र्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलतो. देह हत्तीचा आणि आवाज त्याहून मोठा, माईक कधी लागलाच नाही. त्याचं पोट दुखायला लागलं, तपासण्या झाल्या, तर स्वादुपिंडाच्या टोकाला गाठ निघाली. गाठ साधीच होती, पण काढणं भाग होतं. अमरावतीच्या एका खासगी दवाखान्यात दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं.

सर्जननं आधीच बजावलं होतं, "छेद लहान, म्हणून ऑपरेशन लहान समजू नका. यांचं वजन फार आहे. अशा माणसांचं स्वादुपिंड चरबीनं लोण्यासारखं मऊ झालेलं असतं, टाका नीट धरत नाही. तिथून पाचक रस पाझरला तर तो आजूबाजूचं काहीही पचवू शकतो."

दादा म्हणाला, "म्हंजे मी मलेच खाईन काय डॉक्टर?" आम्ही सगळे हसलो.

आणि नेमकं तेच झालं. रस पाझरला. पोटात ठेवलेल्या नळीतून मळकट पाणी येत राहिलं, ताप चढला, छाती भरली, व्हेंटिलेटर लावावा लागला. घशातली नळी निघाली तेव्हा दादाचा आवाज पार गेलेला! नुसती फुसफुस. कान ओठाशी नेला तरच कळायचं. मग हळूहळू ताप उतरला, पोटातली नळी कोरडी पडली, तीही काढली. मी निर्धास्त होऊन शाळेसाठी अकोल्याला परतले. दादाचा मोबाईल पडून बंद झाला होता, तो दुरुस्तीसाठी माझ्याच पर्समध्ये होता – हे लक्षात ठेवा.

दादाला सुटी मिळणार त्या दिवशी दुपारी मी नववीच्या वर्गात होते. ऑफिसातले क्लार्क मुजीबभाई धावत आले.

"मॅडम, तुमच्या भावाचा फोन! क्या आवाज है... रिसीव्हर कानापासून दूर धरा लागला!"

मी पळत जाऊन फोन घेतला.

"बाई, मी बोलून राहिलो." दादाच! बाजारातला तोच खणखणीत आवाज. "मले आज घरी नेऊ देऊ नको. डाव्या बाजूले आत गरम-गरम लागून राहिलं. डॉक्टरले सांग, मशीनमधी पाहा म्हणा. आत्ताच."

"दादा, अरे तुझा आवाज..."

"आवाजाचं मंग पाहू. पयले फोन कर."

आणि फोन कट.

मी लगेच वहिनीला लावला. म्हटलं, दादाला दे.

"ते झोपले हायेत ताई, कवाचेच. जीप आली, सामान भरून राहिलो आमी."

"पण आत्ता मला त्याचा फोन आला!"

"कोणाच्या फोनवरून? माहा फोन तर माह्याजवळ हाये. अन् ते बोलतीन कसे? सकाळी पाणी मागाले हातानं खूण केली त्यायनं."

मग मघाशी माझ्याशी बोललं कोण? पण विचार करायला वेळ होता कुठे? म्हटलं, "वहिनी, जीप थांबव. डॉक्टरांना फोन दे. काहून, ते विचारू नको."

डॉक्टर म्हणाले, ताप नाही, नाडी ठीक आहे, पोट मऊ आहे. मी एवढंच सांगितलं की दादाला डाव्या बाजूला आत गरम लागतंय. त्यांनी पुन्हा एकदा पोट चाचपून पाहिलं. मग म्हणाले, "एवढ्या जाड पोटावर हात ठेवून आतलं सगळं कळत नाही, हे खरंय. करू सीटी स्कॅन. थोडा वेळच जाईल."

स्कॅनमध्ये काय निघावं! पाझरलेल्या रसानं आतली एक रक्तवाहिनी कुरतडली होती, तिला फुगा आला होता... आणि दादाला मशीनवरून खाली घेता घेता तो फुटला! बीपी कोसळलं. पण डॉक्टर तिथेच उभे होते. रक्त चढवत त्याला पळवतच अँजिओग्राफीच्या खोलीत नेलं, जांघेतून तार घालून ती जागा बुजवली. दादा वाचला! वाचला हो!

"हे जीपमध्ये, परतवाड्याच्या रस्त्यावर झालं असतं तर..." डॉक्टर नंतर म्हणाले.

दादा शुद्धीवर आल्यावर मी त्याच्या ओठाशी कान नेला आणि विचारलं. तो फुसफुसला, "फोन? मी झोपलो होतो ना बाई. अन् गरम-बिरम मले काईच लागत नव्हतं."

मी सगळे तर्क लावून पाहिले. कोणी थट्टा केली? पण आतली गोष्ट खुद्द डॉक्टरांना ठाऊक नव्हती. मला भास झाला? मग मुजीबभाईंनी काय ऐकलं? शाळेच्या जुन्या फोनवर नंबर दिसत नव्हता, त्यामुळे तोही माग नाही. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

हे सगळं आज लिहायचं कारण वेगळंच. नुकतेच मुजीबभाई निवृत्त झाले. निरोपाच्या चहाला ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, एक गोष्ट तुमाले सांगितलीच नाही, तुमी घाबरसान म्हणून. मी फोन उचलला, हॅलोबी म्हटलं नव्हतं, तर तिकडून आवाज आला – मुजीबभाई, जरा लवकर बोलवा हो तिले."

दादा आमच्या शाळेत कधीच आलेला नव्हता. मुजीबभाईंचं नाव त्याच्यासमोर काढल्याचंही मला आठवत नाही. मी तिथूनच परतवाड्याला फोन लावला. बाजाराच्या गोंगाटावर ताण करत दादा ओरडला,

"मुजीबभाई? कोण मुजीबभाई?"